सोबत चालणारा तो कोण?

प्रस्तावना

‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा गेम २८ सप्टेंबर २०२० रोजी बाजारात आला. शांघायच्या मिहोयो या कंपनीने तो केला. सुरुवातीलाच कथेचा नायक आपल्या जुळ्या भावंडाला गमावतो आणि तेव्हात नावाच्या परक्या जगात एकटा पडतो. नायक घ्यायचा की नायिका, हे खेळाडूनेच ठरवायचे असते. पुढे हा प्रवासी पाण्यातून एक चिमुकला जीव ओढून बाहेर काढतो. पांढरे केस, डोक्यावर अधांतरी मुकुट, पाय जमिनीला कधी लागत नाहीत. तिचे नाव पायमॉन. त्या क्षणापासून ती प्रवाशाची पाठ सोडत नाही. कुठले राज्य कोणत्या देवाचे, कोणाशी कसे बोलावे, कुठे काय खायला मिळते, हे सगळे ती सांगते. स्वतःचा उल्लेखही ती ‘पायमॉनला भूक लागली’ अशा थाटात करते. मात्र ती कोण, कुठून आली, पाण्यात कशी पडली, यावर ती काही बोलत नाही.

खेळाडू मात्र बोलले, आणि खूप बोलले. कोणी म्हणाले, ती पदच्युत देवता आहे. कोणी म्हणाले, आरंभी जुळ्यांची ताटातूट करणाऱ्या अज्ञात देवीशीच तिचा संबंध आहे. कोणाला ती काळाची देवता वाटली. सर्वांत चिवट ठरला तो नावाचा पुरावा. या गेममधल्या देवांना बार्बाटोस, मोरॅक्स अशी गुप्त नावे आहेत. ‘लेसर की ऑफ सॉलोमन’ या सतराव्या शतकातल्या युरोपीय मंत्रग्रंथात बहात्तर पिशाचांची यादी आहे आणि ही नावे तिच्यातलीच आहेत. त्याच यादीत पायमॉनही आहे, आणि तो साधासुधा नसून राजा आहे. देवांची नावे जिथून घेतली तिथूनच या खादाड सोबतिणीचेही नाव घेतले असेल, तर तिला निव्वळ गंमतीचे पात्र कसे म्हणायचे? प्रश्न रास्त आहे. नाव एका यादीतले असले म्हणजे कूळही एकच असते का, हा उलट प्रश्नही तितकाच रास्त आहे. पुढच्या पानांतले लेख या दोन प्रश्नांमधल्या जागेत उभे आहेत.

व्हिडिओ गेममधल्या गूढ सोबत्यांविषयी खेळाडूंनी केलेल्या तर्कांचे हे पुस्तक आहे. या तर्कांना खेळणारी मंडळी ‘थिअरी’ म्हणतात आणि गेमच्या जगाच्या इतिहासाला ‘लोर’. हे दोन्ही शब्द आता आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी इतके रुळले आहेत की त्यांना पर्याय शोधण्याच्या फंदात मी पडलो नाही.

गेममधला सोबती जन्माला येतो तो बहुधा अडचणीतून. खेळाडूला बटणे शिकवायची असतात, वाट दाखवायची असते, चुकल्यावर सावध करायचे असते. ही कामे पडद्यावर पाटी लावूनही होतात, पण पाटी कोणी वाचत नाही. मग पाटीला तोंड फुटते आणि पात्र तयार होते. २००७ साली आलेल्या ‘पोर्टल’मध्ये तर तोंडाचीही गरज पडली नाही. एका टप्प्यात एकच ठोकळा शेवटपर्यंत सोबत न्यावा लागत होता, आणि चाचणीत खेळणारे लोक तो वाटेतच टाकून पुढे जात. गेम करणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या मंडळींनी त्या ठोकळ्यावर गुलाबी हृदय रंगवले, त्याला ‘कम्पॅनियन क्यूब’ म्हटले आणि खेळाडूंनी तो छातीशी धरला. टप्प्याच्या शेवटी तो भट्टीत टाकावा लागतो. तेव्हा हळहळलेल्या खेळाडूंनी विचारले, ठोकळ्याच्या आत कोणी होते का? आत माणूस कोंडला होता, इथपासून प्रेत होते, इथपर्यंत तर्क गेले. हृदय आले होते खेळाडूंच्या विसराळूपणावर उपाय म्हणून. पण एकदा ते रंगवल्यावर आत कोण, हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिला नाही.

हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे, की सोबत्याविषयीचे कुतूहल खलनायकाविषयीच्या कुतूहलापेक्षा वेगळे असते. खलनायकाची पूर्वकथा कळली नाही तरी त्याला हरवता येते. सोबत्याच्या मागे मात्र आपण चाललेलो असतो. जगाविषयीचे आपले बहुतेक ज्ञान त्याच्या तोंडून आलेले असते. तो कोण हे ठाऊक नसेल, तर त्याने सांगितलेले किती खरे धरायचे? म्हणून सोबत्याची पूर्वकथा शोधणारा खेळाडू वरवर चौकशी करत असला, तरी प्रत्यक्षात तो साक्षीदाराची उलटतपासणी घेत असतो. या संपूर्ण पुस्तकाविषयी माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर ते हेच आहे.

भिलाईत राहून हे लिहिताना हा प्रश्न मला परका वाटत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि मधल्या चार वर्षांत भाताच्या शेतांच्या जागी सेक्टर उभे राहिले. आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, बिहार, आणि नागपूर-भंडाऱ्याकडची आमची मराठी मंडळी, अशी सगळ्या देशाची माणसे एका भिंतीला भिंत लावून राहू लागली. अशा गावात शेजाऱ्याला पहिला प्रश्न ‘कसे आहात’ हा नसतो. ‘मूळचे कुठले?’ हा असतो. उत्तर मिळाले तरी ते अर्धेच असते, कारण गाव सोडण्याची खरी कारणे कोणी व्हरांड्यात उभे राहून सांगत नाही. उरलेले उत्तर आपण जोडून घेतो: बोलण्यातल्या हेलावरून, सणाच्या पदार्थांवरून, सुट्टीत कुठल्या गाडीची तिकिटे काढतात यावरून. इथे वाढलेल्या मुलाला पायमॉनविषयी तर्क करायला वेगळे शिक्षण घ्यावे लागत नाही.

पण हा उद्योग मुलांनी शोधून काढला, असेही नाही. शेरलॉक होम्सच्या कथांत सोबती आहे डॉक्टर वॉटसन, आणि त्याचाच भूतकाळ विस्कळीत आहे. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत अफगाण युद्धातली गोळी त्याच्या खांद्याला लागलेली असते, १८९० च्या दुसरीत जखम पायाला गेलेली असते. नाव जॉन, पण १८९१ च्या एका कथेत बायको त्याला जेम्स म्हणून हाक मारते. कॉनन डॉइलची ही सरळसरळ विसरभोळी चूक. पण रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ साली या कथांवर शास्त्रपोथीसारखे गंभीर भाष्य लिहून एक नवाच खेळ सुरू केला. पुढे डोरोथी सेयर्स यांनी तोडगा काढला, की वॉटसनच्या नावातले मधले आद्याक्षर ‘एच’ म्हणजे हॅमिश असावे, आणि हॅमिश म्हणजे स्कॉटिश जेम्स. बायको लाडाने मधल्या नावाचे भाषांतर करून हाक मारत होती! लेखकाची चूक पात्राच्या चरित्राचा पुरावा झाली. खेळाडूंच्या थिअरीची सगळी हुशारी आणि सगळा आगाऊपणा या एका उदाहरणात सापडतो.

आपल्याकडे हा प्रकार त्याहून जुना आणि पुष्कळच गंभीर आहे. मराठीत त्याचा सर्वांत धीट नमुना इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’मध्ये, १९६७ साली, आला. पांडवांचा खरा गूढ सोबती म्हणजे विदुर. तो लढत नाही, राज्य मागत नाही, पण ऐन वेळी हजर असतो. लाक्षागृहाकडे निघालेल्या युधिष्ठिराला तो इतरांना न कळणाऱ्या सांकेतिक बोलीत सावध करतो, आणि तो काय म्हणाला हे कुंतीलाही नंतर विचारावे लागते. पांडव वनवासात असताना कुंती राहते ती विदुराच्याच घरी. महाभारत सांगते, की मांडव्य ऋषींच्या शापाने धर्म दासीपोटी विदुर म्हणून जन्मला. तेच महाभारत सांगते, की कुंतीने पहिल्या पुत्रासाठी धर्मालाच बोलावले. आश्रमवासिक पर्वात तर अंगावर काटा आणणारा प्रसंग आहे. वनात कृश झालेला विदुर झाडाला टेकून उभा राहतो, युधिष्ठिराकडे एकटक पाहतो आणि योगबळाने त्याच्या देहात शिरून प्राण सोडतो. कर्वेबाईंनी हे सगळे धागे एकत्र धरले आणि विचारले, विदुर हा युधिष्ठिराचा पिता तर नव्हे? इंग्रजी आवृत्तीत त्या लेखाच्या शीर्षकालाच प्रश्नचिन्ह जोडलेले आहे.

ते प्रश्नचिन्ह या पुस्तकातल्या प्रत्येक तरुण लेखकाने डोळ्यांसमोर ठेवावे, असे मला वाटते. बाईंनी पदरचा एकही प्रसंग घातलेला नाही. संहितेत विखुरलेले प्रसंग शेजारी ठेवले, आणि कोणाला काय लपवण्याची गरज होती ते विचारले. हा तर्क सिद्ध होणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. पण तो वाचल्यानंतर वनातला तो मृत्यू पूर्वीसारखा वाचता येत नाही.

दुसरे उदाहरण भिलाईच्या शेजारचे. भिलाईहून नागपूरच्या दिशेने रेल्वेने निघाले की दुर्गनंतर राजनांदगाव लागते. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. घर मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी आणि समीक्षक, पण गजाननरावांनी लिहिले हिंदीत. त्यांची ‘अंधेरे में’ ही दीर्घ कविता १९६४ साली, त्यांच्या निधनाच्या वर्षी, प्रसिद्ध झाली. तिच्यात एक ‘तो’ आहे. आधी अंधाऱ्या खोल्यांतून फेऱ्या घालणारी त्याची पावले ऐकू येतात, दिसत कोणी नाही. मग भिंतीचा गिलावा गळतो आणि त्या जागी चेहरा उमटतो. मग तिलिस्मी गुहेत, लाल प्रकाशात, तो समोर उभा राहतो. दाराची कडी वाजते आणि कवी उघडायला कचरतो. तिलिस्म, गुहा, मशाली, पाठलाग, लष्करी मिरवणूक: आजच्या गेम-लेखकाने हेवा करावा असा सगळा सरंजाम आहे.

तो कोण, यावर हिंदी समीक्षेत मोठा वाद झाला. कवितेतच उत्तर आहे असे म्हणणारे म्हणतात, की तो कवीची अजून हाती न आलेली अभिव्यक्ती. नामवर सिंहांनी १९६८ मध्ये ‘कविता के नये प्रतिमान’मध्ये या कवितेत अस्मितेचा शोध पाहिला. रामविलास शर्मांना मात्र तिच्यात दुभंगलेले मन आणि अस्तित्ववादाची छाया दिसली. एवढ्या मोठ्या विद्वानांचे एकमत झाले नाही, म्हणून कविता अपुरी ठरली नाही. उलट ‘तो’ कोण याचे उत्तर ज्याच्या त्याच्या राजकारणावर आणि स्वभावावर उजेड टाकत गेले. गेमच्या सोबत्याविषयीचे तर्क वाचतानाही हे लक्षात ठेवावे. पायमॉन द्रोह करील असे ठामपणे मानणारा आणि ती कधीच करणार नाही असे मानणारा, हे दोघे तिच्याइतकेच स्वतःविषयीही सांगत असतात.

मुक्तिबोधांसारखा अंधार जाणीवपूर्वक वापरणारा गेम-रचनाकार म्हणजे हिदेताका मियाझाकी. लहानपणी कळत नसलेल्या मजकुराची पुस्तके हाती पडत, आणि न समजलेल्या जागा आपण चित्रे पाहून कल्पनेने भरून काढत होतो, असे त्यांनी सांगितले आहे. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी आलेल्या त्यांच्या ‘एल्डन रिंग’मध्ये मेलिना नावाची सोबतीण आहे. ती भेटते, टॉरेंट नावाचा घोडा देते, मिळवलेल्या रून्सचे, म्हणजे गेममधल्या चलनाचे, बळ करून देण्याचे कबूल करते आणि मग फारशी दिसत नाही. आपला जन्म एर्डट्री नावाच्या महावृक्षाच्या पायथ्याशी झाला, आपल्याला काम आईने नेमून दिले, आपण जळालेलो आणि देहहीन आहोत, एवढेच तिच्याकडून कळते. तिचा डावा डोळा मिटलेला आहे आणि त्यावर नखासारखी खूण आहे. एका विशिष्ट शेवटात तो डोळा उघडतो आणि त्याचा सांजवेळेसारखा रंग दिसतो.

त्या एका डोळ्यावर ढिगाने थिअरी उभ्या राहिल्या. ‘ग्लोम-आइड क्वीन’ नावाच्या जुन्या राणीचा उल्लेख गेममध्ये काही वस्तूंच्या वर्णनांत येतो. देवांची कातडी सोलणाऱ्या पंथाची ती म्होरकी, पुढे पराभूत झालेली. मेलिना म्हणजे तीच, असा एक मोठा पक्ष. मेलिना मरिका राणीची मुलगी आहे, एवढाच पुरावा भक्कम आहे, असा दुसरा. तिसरा पक्ष मूळ जपानी मजकूर आणि इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवून दोघांनाही टोकतो. २१ जून २०२४ रोजी आलेल्या मोठ्या विस्ताराने हा निकाल लावला नाही. या वादातली शिस्त मात्र पाहण्यासारखी आहे. कोणती तलवार कुठे सापडते, कोणाच्या चिलखतावर कोणते चिन्ह आहे, कोणते वाक्य कोणत्या चर्चच्या पडक्या भिंतीशी बोलले जाते, हे सगळे मांडल्याशिवाय तर्काला किंमत नाही. तळटिपा न देणाऱ्या आमच्या कित्येक विद्वानांनी इथे चार दिवस उमेदवारी करायला हरकत नाही.

आता भिलाईच्या परिसरातली एक परंपरा, जिच्यामुळे मला या सगळ्या तर्कांची प्रतवारी करता आली. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी पांडवानी, म्हणजे महाभारताची कथा गाऊन सांगण्याची कला, जगभर नेली. २००३ साली पद्मभूषण, २०१९ साली पद्मविभूषण. त्यांच्या हातचा तंबोरा बघता बघता भीमाची गदा होतो. पांडवानीच्या दोन शैली आहेत. वेदमती शैलीत गायक सबलसिंह चौहानांच्या पद्य महाभारताला धरून, बहुधा बसून गातो. कापालिक शैलीत गायक उभा राहतो आणि स्मरणाच्या व प्रतिभेच्या बळावर कथा फुलवतो. स्त्रियांनी बसूनच गायचे, हा रिवाज मोडून तीजनबाई कापालिक शैलीत उभ्या राहिल्या.

या संग्रहातल्या लेखांनाही हीच दोन नावे देता येतील. काही लेखक वेदमती आहेत: गेममध्ये जे लिहिले, दाखवले, ऐकवले, त्यापलीकडे पाऊल टाकत नाहीत. काही कापालिक आहेत: एक डोळा, एक नाव, एक गाण्याची धून हाती लागली की सबंध पूर्वजन्म उभा करतात. मला दोघेही हवेत. वेदमती नसतील तर कथेचा सांगाडा ढासळेल, आणि कापालिक नसतील तर ती ऐकायला कोणी थांबणार नाही. अट एकच, आपण कोणत्या शैलीत गातो आहोत हे गाणाऱ्याला ठाऊक असावे आणि त्याने ते श्रोत्यापासून लपवू नये.

पांडवानीत आणखी एक माणूस असतो, रागी. तो मुख्य गायकाच्या मागे किंवा बाजूला बसतो, हुंकार भरतो, मधूनच विचारतो, ‘मग पुढे काय झाले?’ आपल्या पोवाड्यातल्या झीलकऱ्याचा हा भाऊबंद, पण अधिक बोलका. त्याला कथा तोंडपाठ असते, तरी तो अजाणतेपणाचे सोंग घेतो, कारण त्याने विचारल्याशिवाय गायकाला सांगता येत नाही. पायमॉन नेमके हेच करते. प्रवासी बहुतेक वेळ गप्प असतो. गावकऱ्यांना, राजांना, देवांना प्रश्न विचारते ती पायमॉन. म्हणजे तिच्या अज्ञानाला कथेच्या तंत्रात ठरलेली जागा आहे. फरक असा, की पांडवानीच्या श्रोत्याला रागी सोंग करतो आहे हे माहीत असते, गेमच्या खेळाडूला ते माहीत नसते. ‘ही खरेच अजाण आहे की सोंग घेते आहे?’ हा संशय तिथूनच जन्मतो, आणि पायमॉनवरच्या बहुतेक थिअरींचे मूळ शोधले तर ते याच संशयात सापडते.

भारतीय गेमनेही या जागेचा विचार केलेला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला. त्यात पळवलेल्या धाकट्या भावाचा शोध घेणाऱ्या मुलीची कथा दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत सांगतात. सोबत आहे, पण ती आकाशातली, आणि तिची ओळख श्रोत्याला लहानपणापासूनची. त्यामुळे तिथे गूढाचे वजन सोबत्यावर पडत नाही. याच्या उलट टोकाला २०१२ चा ‘जर्नी’. वाळवंटात भेटणारा अनोळखी सोबती हा जगात कुठेतरी बसलेला खराखुरा माणूस असतो. बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. त्याचे नाव कळते ते गेम संपल्यावर. तिथे पूर्वकथेविषयी थिअरी करता येत नाही, कारण ती एका जिवंत माणसाची असते. या दोन टोकांच्या मध्ये, जिथे सोबती ओळखीचाही नसतो आणि माणूसही नसतो, तिथे तर्काचे पीक सर्वांत दाट येते.

या पिकात तणही असते. गेमच्या फायली उघडून, प्रसिद्ध न झालेले संवाद बाहेर काढून कोणी ‘पुरावा’ देतो. रचनाकाराने टाकून दिलेला खर्डा हा कथेचा भाग धरायचा का, यावर लेखकांत दुमत आहे आणि ते मी मिटवलेले नाही. दुसरे तण अधिक वाईट: थिअरी इतक्या वेळा सांगितली जाते की नवे खेळाडू ती गेममध्येच आहे असे धरून चालतात, आणि मग गेमने वेगळे काही दाखवले तर गेमच चुकला म्हणतात. तिसरी शक्यता कोणालाच आवडत नाही. कधी कधी रचनाकाराकडेही उत्तर नसते. वॉटसनच्या जखमेमागे योजना नव्हती, आणि ठोकळ्यावरच्या हृदयामागेही पूर्वकथा नव्हती. तर्क करणाऱ्याने ही शक्यता दर वेळी स्वतःहून मांडावी. ती मांडूनही त्याचा तर्क उभा राहिला, तर तो ऐकण्यासारखा.

मराठी वाचकांतले बरेच जण यातला एकही गेम खेळलेले नसतील. त्याने अडत नाही. प्रत्येक लेखाच्या आरंभी कथेचा आवश्यक भाग दिला आहे, आणि त्यामुळे शेवटही फुटले आहेत. ज्यांना गेम पुढे खेळायचे आहेत त्यांनी ते लेख नंतर वाचावेत. न खेळलेल्यांनी प्रत्येक तर्काला तीन प्रश्न विचारावेत. सांगितलेली खूण प्रत्यक्ष गेममध्ये आहे का? विरुद्ध खुणा लेखकाने झाकल्या तर नाहीत? आणि हा तर्क खोटा निघाला, तरी तो वाचून सोबत्याचे एखादे जुने वाक्य नव्याने ऐकू आले का? पहिल्या दोन प्रश्नांवर काही लेख नापास होतील. तिसऱ्यावर फारच थोडे होतील, आणि म्हणून ते इथे घेतले आहेत.

समास मुद्दाम रुंद ठेवायला सांगितले आहेत. एखादा तर्क पटला नाही तर तिथेच पेन्सिलीने खोडून काढा. मात्र कोणत्या प्रसंगाच्या आधारे खोडला, तेही शेजारी लिहा.